हळदीच्या शेडखालची माती

आमच्या प्रयोगशाळेत एकदा एक गृहस्थ पेढ्यांचा डबा काखेत मारून आले. आमच्या शिपायाची कळी खुलली. "काय भाऊ, कोण पास झालं?" गृहस्थांनी डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत काळीभोर माती. म्हणाले, "अजून कोनी झालं नाई. थेच तं तुमाले सांगाचं हाये, पास का नापास."

नोकरीभर मी हेच केलं. लोकांची माती पास-नापास केली. एका आजोबांनी विहिरीतला गाळ आणला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सोनं निंगते का पाहून घेजो बाई, पन कोनाले सांगजो नोको." मी पाहिलं, लोखंड निघालं. तसं सांगितल्यावर आजोबांचं तोंड पडलं. मग जाता जाता म्हणाले, "हे बी कोनाले सांगजो नोको."

ही झाली शेताची माती. माझ्या वाट्याला जास्त यायची ती कारखान्यांची. शेतातल्या मातीला आपण विचारतो, बाई तुझ्यात काय कमी आहे? कारखान्याच्या मातीला विचारायचं, तुझ्यात काय जास्त झालं? जस्त, निकेल, शिसं, क्रोमियम असले धातू वर्षानुवर्षं जमिनीत मुरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. म्हणून ठिकठिकाणी खणायचं, वरची माती वेगळी घ्यायची, खालची वेगळी घ्यायची. ती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची, आम्लात शिजवायची आणि मग यंत्राच्या ज्योतीत सोडायची. कोणता धातू किती आहे ते यंत्र सांगतं. एकूण स्वयंपाकच म्हणा, फक्त चाखून बघायचं नाही.

या कामात भीती एकच. मातीत नसलेला धातू आपणच मातीत घालायचा नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत नमुना टाकला की जस्त वाढतं. हातातली अंगठी घासली तरी यंत्राला कळतं. त्यामुळे मी नमुना घ्यायला गेले की आधी जमलेल्या सगळ्यांचे दागिने उतरवायची. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, काही सोडायची नाही. ऑफिसात माझं नाव पडलं होतं ‘जोडवी मॅडम’. माझ्या मागे म्हणायचे, पण मला ऐकू जाईल इतक्या मागे.

आता नात विचारते, "आजी, तू खरीखुरी सायंटिस्ट होतीस?" मी हो म्हणते. त्या वयात मला स्वतःलाही तसंच वाटायचं. खाकी पँट, डोक्यावर गोल टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि ऑक्टोबरच्या उन्हात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. सासरी सेलूला गल्लीतून निघाले की कुत्री भुंकायची. मला वाटायचं, काय रुबाब आहे! कुत्र्यांना काय वाटायचं ते आता कळतं.

तर अशी ही टोपीवाली बाई एका दसऱ्यानंतर देवळीच्या रस्त्याला एका बंद कारखान्यात जीपमधून उतरली. दसऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत तराजूपासून जीपपर्यंत सगळ्यांची पूजा झाली होती. बोनेटवरचा झेंडू अजून पुरता सुकलेला नव्हता.

कारखाना नटबोल्टांना जस्ताचा आणि निकेलचा मुलामा देण्याचा. मालकांना सगळे शेटजी म्हणत. वय झालं, मुलं पुण्याला गेली, धंदा बंद केला. राहिली एक लांबलचक शेड आणि पुढे मोकळं अंगण. ती शेड आजूबाजूच्या गावांतल्या बायकांच्या एका बचत गटाला हवी होती, हळदीसाठी. आजवर या बायका ओली हळद व्यापाऱ्याला देऊन मोकळ्या व्हायच्या. आता त्यांनी ठरवलं होतं, आपणच उकडू, आपणच वाळवू, आपणच दळून विकू. दळायची चक्की येऊनसुद्धा पडली होती. गटाच्या अध्यक्ष चंद्रकलाबाई, त्यांच्या ओसरीवर ताडपत्री पांघरून ती चक्की बसली होती, आणि घरातल्या माणसांना तिला वळसा घालून आत जावं लागत होतं. अडचण एवढीच, की मुलाम्याच्या जुन्या जागेत खाण्याची वस्तू करायची म्हणजे आधी माती तपासून आणा असं परवाना देणाऱ्यांनी सांगितलं. संक्रांत झाली की हळद खणायला येणार. त्याच्या आत जागा साफ आहे असं ठरलं तर ठीक, नाहीतर यंदाचीही हळद व्यापाऱ्याच्या घरी.

मी उतरले आणि नेहमीची आज्ञा सोडली, "दागिने काढून लांब ठेवा. जोडवीसुद्धा."

चंद्रकलाबाई धिप्पाड, आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत येणारा. "जोडवे कायले वो म्याडम? आमी काय पायानं माती उकरून राह्यलो?"

"मातीत धातू जायला नको."

"मंग मंगळसूत्र बी काढू का? थे बी धातूचंच हाये. आमचे मालक खुश होतीन."

बायका खिदळल्या. मी हसले नाही. सायंटिस्ट हसत नसतात अशी माझी समजूत होती. काळ्या चष्म्याआडून मी त्यांना मातीत धातू कसा मुरतो यावर व्याख्यान दिलं. ते संपेपर्यंत दोघीजणी सावलीत जाऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

खणायचं काम आमचे ड्रायव्हर नामदेवभाऊ करत. हत्यार म्हणजे गिरमिट, सुताराचं असतं तसंच, पण पुरुषभर उंचीचं. खाली पिळाचं टोक, त्याला आटे फिरवून जोडलेला दांडा, वर धरायला आडवी मूठ. पिळत पिळत जमिनीत घालायचं आणि ओढून काढलं की टोकात माती अडकून येते. दर खड्ड्यानंतर टोक धुवायचं, पुसायचं. ते मी डोळ्यांत तेल घालून पाहत असे. वरची माती, मग हातभर खालची, मग आणखी खालची. नामदेवभाऊंच्या हातात रबरी मोजे, माझ्या हातात लिहायची फळी. गिरमिटाला मी कधी हात लावत नसे. हात लावायला माणूस होता ना!

प्रयोगशाळेत माती शिजली, यंत्राने वाचली, आणि मी चक्रावले. जस्त आणि निकेल एका कोपऱ्यात जास्त, ते अपेक्षितच होतं. पण शिसं! वरच्या मातीत नावालाही नाही, आणि जसजसं खाली जावं तसतसं वाढत गेलेलं. प्रत्येक खड्ड्यात तसंच.

आमचे वैद्य साहेब बारीक चणीचे, बोलायला मृदू. त्यांनी आकडे पाहून चष्मा कपाळावर चढवला. "सुनंदाबाई, मुलाम्याच्या कारखान्यात शिसं कुठून आलं?"

"पुरलेलं असणार सर," मी म्हटलं. "जुनं काहीतरी पुरून वर माती टाकलीय. वर स्वच्छ, खाली घाण." माझ्या डोळ्यांसमोर मी एक मोठं प्रकरण उघडकीला आणत होते. टोपीसकट माझा फोटोही डोळ्यांसमोर आला.

"इतकं सगळीकडे सारखं पुरतं का कोणी?" साहेब म्हणाले. "घाई नको. पण त्यांना कल्पना देऊन ठेवा."

मी घाईच केली. शेटजींना फोनवर ‘शिसं’ म्हटलं, ‘खोलवर’ म्हटलं, ‘गंभीर’ तर दोनदा म्हटलं. शेटजी म्हातारे, घाबरले. "अरे बाईजी, मैंने कभी सीसा देखा भी नाही! आता मी काय करू?" आणि त्यांनी नको तेच केलं. एक भंगारवाला त्या शेडसाठी मागे लागलाच होता. त्याला माती कशीही चालणार होती. शेटजींनी त्याला येत्या सोमवारी बोलावून घेतलं.

संध्याकाळी चंद्रकलाबाईंचा फोन. या वेळी आवाज पत्र्यावर आपटत नव्हता. "म्याडम, हळदीत अन् शिशात किती वाकडं हाये थे तुमाले मालूम हाये ना?"

माहीत होतं. हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून तिच्यात शिशाचा रंग मिसळणारे महाभाग कुठे कुठे असतात. त्यामुळे हळदवाल्याच्या जागेत शिसं निघालं एवढी कुजबुजही पुरते, मग ती हळद कोणी हातात धरत नाही.

"आमी अजून एक कांडी बी नाई दळली," त्या म्हणाल्या, "अन् बाजारात आमचं नाव खराब होऊन राह्यलं. थे शिसं खरंच हाये का वो?"

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

साहेबांचं मात्र समाधान होत नव्हतं. आमची काळी माती काळ्या पाषाणातून झालेली, तिच्यात काही धातू जन्मतःच थोडे जास्त असतात. म्हणून कारखान्याची माती तपासताना जिथे कधी कारखाना नव्हता अशा जागेची मातीही शेजारी ठेवून पाहतात. साहेब म्हणाले, "तुम्ही शपथेवर स्वच्छ म्हणाल अशी एखादी जागा सांगा."

अशी जागा मला एकच माहीत होती. सेलूच्या घरामागची आमची वाडी. सासूबाईंनी तिथे शेणखताशिवाय दुसरं काही कधी पडू दिलं नव्हतं. त्यांची वांगी तिथे पिकत, आणि त्या वांग्यांचा त्यांना नातवंडांइतका अभिमान होता. घरी सोडायला आले तेव्हा नामदेवभाऊंनी तिथे गिरमिट घातलं आणि वरची, खालची, आणखी खालची माती घेऊन गेले. सासूबाई दारातून बघत म्हणाल्या, "पाय, पाय. अशी माती दुनियेत भेटनार नाई म्हनावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी मला बोलावलं. चेहरा गंभीर, पण मिशी हलत होती.

"सुनंदाबाई, घरी कारखाना कधी काढलात?"

"म्हणजे?"

"शिसं. वरती नाही. खाली मात्र शेटजींपेक्षा जास्त आहे. आता त्यांचं राहू द्या, आधी तुमच्या वांग्यांना नोटीस काढू."

मला आधी मुली आठवल्या. दोन्ही मुली त्या वांग्यांवर वाढलेल्या. घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती परातीतली वांगी उचलून कोपऱ्यात ठेवली. सासूबाई कांदा चिरत होत्या. त्यांना मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"माह्या वांग्यात शिसं?" विळी बाजूला सरकवून त्या उभ्या राहिल्या. "तुह्या सासऱ्यानं चाळीस वर्सं खाल्ले. पंच्याऐंशीव्या वर्सी गेले, थे बी सायकलीवरून पडून! काऊन वं, तुह्या मशिनीले मीच भेटली का?"

"आई, वांग्यात नाही, मातीत. खोल मातीत."

"मंग वांगे काय हवेत लटकते का?"

हे बिनतोड होतं. आमचे हे पेपरात तोंड घालून बसले होते, पण पेपर हलत होता. त्या रात्री घरात मुगाचं वरण झालं, आणि सासूबाईंनी ते माझ्या ताटात असं वाढलं की वरणालाही आपला काही गुन्हा आहे असं वाटावं.

मला राहवेना. वाडीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा पाहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, नामदेवभाऊ सुटीवर. मी गिरमिट एसटीच्या टपावर टाकून घरी आणलं. कंडक्टरने विचारलं, "हे काय, बोअर मारता का बाई?" मी उत्तर दिलं नाही. सायंटिस्ट एसटीत बोलत नसतात.

वाडीत उभी राहिले. मोजे ऑफिसातच विसरले होते. नोकरीत पहिल्यांदाच मी स्वतः गिरमिट पिळायला घेतलं आणि नामदेवभाऊंचे दंड तसे का आहेत ते वीतभरातच कळलं. खाली जायचं म्हटलं तर दांड्याचा जोड घट्ट करायला हवा होता. दोन्ही हातांनी तो आवळला, पिळला, ओढला. घामाच्या धारा लागल्या. टोपी मागे सारून मी मनगटाने, तळहाताने, जमेल तसं तोंड पुसलं.

सासूबाई माझी फजिती डोळे भरून पाहायला बाजेवर येऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदम दोन्ही हात जोडले.

"अवो माय! मारोतीराया घरी आला! तेल आनू का नारळ फोडू?"

"आई, थट्टा पुरे."

"थट्टा काय वं? आरशात पाय जाऊन. सारं कपाळ शेंदरी झालं तुहं."

मी हात पाहिला. तळहात शेंदरी होता. जोडाच्या आट्यांत, मातीच्या थराखाली, तेलात कालवलेला शेंदूर गच्च बसला होता. नखाने खरवडला तर गोळी निघाली.

दसरा! गिरमिट कोपऱ्यात उभं होतं, त्याला झेंडूची माळ घातली होती, आणि जिथे टोक आणि दांडा जुळतो तो भाग दिसायला गळ्यासारखा, म्हणून शेंदूर तिथेच भरला होता. आणि देवाला लावतात तो शेंदूर म्हणजे तरी काय? बहुतेक शिशाचंच तांबडं भस्म. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात मी त्याचं सूत्र पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. वरची माती घेताना जोड जमिनीबाहेर राहायचा. खोल गेलं की जोडही मातीत शिरायचा आणि प्रत्येक खड्ड्यात मारुतीचा प्रसाद ठेवून यायचा. मी दर वेळी टोक धुऊन घ्यायची. जोड कोण धुतो?

साऱ्या तालुक्यातल्या बायकांची जोडवी उतरवणारी मी, आणि माझं गिरमिट मात्र शेंदूर लावून हिंडत होतं! मी तिथेच वाफ्यात बसले आणि हसायला लागले. सासूबाईंना आधी वाटलं ऊन लागलं. मग सगळं ऐकून त्याही हसल्या, इतक्या की बाज करकरली. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "मंग वांगे?"

"वांगी निर्दोष आहेत, आई."

"थे मी पह्यलेच सांगतलं होतं. मशिनीले सांग."

सोमवारी सकाळी मी साहेबांसमोर गिरमिट आडवं ठेवलं. त्यांनी जोड पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा जोड पाहिला. शेवटी हळूच म्हणाले, "शेंदूर मीच आणला होता हो. सौभाग्यवतींनी मारुतीच्या देवळातून मुद्दाम दिला होता." मग त्यांचे खांदे हलायला लागले, चष्मा टेबलावर पडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वैद्य साहेबांना डोळे पुसताना पाहिलं. खात्रीसाठी आम्ही उरलेल्या शेंदराची चिमूट तपासली. यंत्राचा आकडा वरच्या टोकाला जाऊन अडकला.

पण हसायला वेळ नव्हता. सोमवार होता. भंगारवाला शेटजींकडे येणार होता. साहेबांनी जीप दिली, आणि नामदेवभाऊंनी ती एरवी कधी हाकली नसेल तशी हाकली.

शेडसमोर शेटजी, भंगारवाला आणि चंद्रकलाबाई असे तिघे उभे होते. बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून दारातच होत्या. "आमी पह्यले बोललो होतो ना शेटजी? सोमवार होऊ द्या, मंगळवार होऊ द्या, मी दारातून हटत नाई."

मी उतरले. टोपी जीपमध्येच राहू दिली. इथे येईपर्यंत वाटेत मी मनातल्या मनात फार शास्त्रीय वाक्यं तयार केली होती. ‘नमुना घेताना बाह्य संसर्ग’ वगैरे. चंद्रकलाबाईंचं तोंड पाहिलं आणि ती सगळी विसरले. सरळ सांगितलं. "शिसं जमिनीत नाही. आमच्या गिरमिटाला दसऱ्याचा शेंदूर होता, तो मातीत उतरला."

शेटजींना नीट कळेना. "मतलब, सीसा भगवानजी का था?"

"हो. शेंदरातलं."

चंद्रकलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता दोन ठेवून देतात. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ थरथरले.

"आमचे जोडवे काढाले लावले," त्या म्हणाल्या, "अन् सोताच्या गिरमिटाले सवाष्णीवानी नटवलं?"

आणि पत्रा दणाणला. त्या हसल्या, नामदेवभाऊ तोंड फिरवून हसले, शेटजींनाही उशिरा का होईना कळलं. भंगारवाला तेवढा हसला नाही. मी शेटजींना म्हटलं, "पुन्हा नमुने घेते. निकाल येईपर्यंत थांबा. त्यात शिसं निघालं तर मीच तुम्हाला सांगेन, द्या याला."

शेटजींनी भंगारवाल्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बाईंकडे. "रुकता हूं," ते म्हणाले. "वैसे भी ये बाई मुझे अंदर जाने नहीं देगी."

दुसऱ्यांदा नमुने घ्यायला गेलो तेव्हा कोरं गिरमिट होतं, जोडाचा प्रत्येक आटा मी स्वतः घासलेला. पण या वेळी तपासणी आमची झाली. सगळा गट रांगेने उभा होता. चंद्रकलाबाई पुढे झाल्या.

"म्याडम, आंगठी काढा."

काढली.

"घडी काढा. कानातले काढा. कुकू पुसा, थ्यातबी काई असंन तं?"

"टिकली आहे हो."

"टिकली बी काढा. आता तुमची जीभ तेवढी राहू द्या, आमाले समजवाले लागते."

मी निमूट सगळं काढून रुमालात बांधलं आणि कोणत्या तरी वहिनींच्या हाती दिलं. मग गिरमिट हातात घेतलं. नामदेवभाऊंच्या जोडीने मी स्वतः पिळलं. बायका प्रत्येक खड्ड्याशी वाकून बघत होत्या, जणू माती त्यांनाच काही सांगणार होती.

शिसं निघालं नाही. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. जस्त आणि निकेल मात्र त्या एका कोपऱ्यात होतंच, जिथे मुलाम्याची टाकी होती तिथे. ते मी लपवलं नाही, आणि चंद्रकलाबाईंनीही लपवायला सांगितलं नाही. "कोपरा तं कोपरा," त्या म्हणाल्या. "आपन खोदून फेकू." फेकता येत नाही, हे मी समजावलं. शेटजींनी तो कोपरा खणून घेतला आणि ती माती झाकलेल्या गाडीतून, जिथे असला कचरा नीट ठेवतात तिथे गेली. त्या गाडीमागे मी बराच वेळ पाहत होते. इतक्या वर्षांत एवढी एक गोष्ट मनाला कधी पटली नाही. आपण घाण इथून उचलतो, पण ती नाहीशी होत नाही. कुठे तरी जाऊन बसते, आणि त्या ‘कुठे तरी’च्या शेजारीही कोणाची तरी वांगी असतात.

कोपऱ्यात नवी माती पडली, तिचाही नमुना घेतला, मग सगळीकडे फरशी झाली. परवाना संक्रांतीनंतर आला, हळदीच्या थोडासाच आधी. मोठमोठ्या कढयांत हळद उकडली, अंगणभर वाळली. तिचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा. पहिल्या दळणाच्या दिवशी त्यांनी मला आणि साहेबांना बोलावलं. साहेब चहा पिऊन निघाले. मी थांबले.

चक्की सुरू झाली तेव्हा चंद्रकलाबाईंनी पहिली मूठ माझ्या ओंजळीत टाकली. मी तिचा रंग उजेडाला धरून बघत होते, तेवढ्यात मागून कोणी तरी माझ्या दोन्ही गालांना हात लावला. मग काय, कोण कोणाला सोडतं? नव्या फरशीवर रबरी बुटांनी पळणं ही सोपी गोष्ट नाही. शेवटी टोपीपासून बुटापर्यंत मी पिवळी झाले. चष्म्याच्या काचाही पिवळ्या. सगळं जग हळदीत बुडाल्यासारखं दिसत होतं.

संध्याकाळी गटातल्या पाचसहा जणी पहिली पाकिटं घेऊन वर्ध्याला निघाल्या, त्यांच्याबरोबर मीही एसटीत चढले. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरने आमचा पिवळा घोळका पाहिला आणि विचारलं, "काय वो मावशी, कोनाचं लगन हाये?"

चंद्रकलाबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट केलं. "या म्याडमचं!"

साऱ्या गाडीने वळून पाहिलं. माझी थोरली तेव्हा आठवीत होती. मी काही बोलायच्या आत खिडकीपाशी बसलेले एक धोतरवाले म्हातारे बाबा लगबगीने उठले, जागा हाताने झटकली आणि म्हणाले, "बसा, नवरीबाई."

एरवीच्या मॅडमनं त्यांना लग्न, हळद आणि मुलाम्याचा कारखाना यांतला फरक समजावून सांगितला असता. मी चष्मा काढला, मान खाली घातली आणि बसले.